गाठ काठाशी

कापडाची पाकळी कापून झाली की काम संपत आलं असं नवख्याला वाटतं. खरं काम तिथून पुढे. कागदाची पाकळी कापली की कापली. वर्षभर वहीत ठेवली तरी तिचा काठ जागचा हलत नाही. कापडाचं तसं नाही. कात्री लागल्या क्षणापासून ते सुटं व्हायला बघतं. उभ्या-आडव्या धाग्यांनी एकमेकांना धरून ठेवलंय म्हणून ते कापड, बाकी त्यांना जोडणारं काहीच नसतं. आपण काप घेतो तेव्हा काठावरच्या धाग्याचा एका बाजूचा आधार काढून घेतो. मग तो निघतो. त्याच्या मागोमाग दुसरा.

बरीच वर्षं मी कापडाची फुलं करते आणि शुभेच्छापत्रांवर लावते. लोक रंगाबद्दल बोलतात, आकाराबद्दल विचारतात. माझं डोकं मात्र कायम काठापाशी अडकलेलं. फूल जमलं की नाही हे मी काठ बघून ठरवते, आणि दुसऱ्या कुणी केलेलं फूल हातात आलं तर आधी उलटं करून बघते. शिष्टाचाराला धरून नाही हे, पण राहवत नाही.

एक गोष्ट करून बघण्यासारखी आहे. साध्या सुती कापडाची, फार घट्ट विणीचं नको, हाताच्या पंजात मावेल एवढी चकती कापायची आणि खिशात टाकून द्यायची. अधूनमधून बोटांनी चाळवायची. संध्याकाळी बाहेर काढली की दिसतं, चार बाजूंना मिशा फुटल्या आहेत आणि त्यांच्या मधल्या चार जागी काठ बऱ्यापैकी शाबूत आहे. चकती एकच, कात्री एकच, तरी असं का? जिथे काप धाग्याला समांतर गेला तिथे शेवटचा धागा नुसता काठावर पडून असतो, बाहेरून त्याला धरणारं कुणी नाही. जिथे काप तिरका गेला तिथे दोन्हीकडच्या धाग्यांची आखूड आखूड टोकं एकमेकांत अडकलेली राहतात, सहज निसटत नाहीत. शिवणकाम करणाऱ्या कुणालाही हे उरेब, म्हणजे धाग्याला तिरकं कापलेलं, कापड चांगलं ठाऊक असतं. गळ्याला लावायची पट्टी उरेब का काढतात, ते याच कारणाने: ती वळते, ताणली जाते आणि कमी उसवते.

पाकळीला नेमकं हेच हवं असतं. पाकळीची लांबी धाग्याशी ४५ अंशांत ठेवून कापली की अंगठा आणि तर्जनीत धरून तिचा काठ हलकेच ओढता येतो, आणि जिथे ओढला तिथे लाट उठते. सरळ धाग्यावर कापलेली पाकळी कितीही ओढा, ती ताठच्या ताठ. उरेब कापायला कापड जास्त लागतं आणि मागे विचित्र तिकोनी कातरण उरते. मला ती कातरणही लागते, त्यामुळे माझी तक्रार नाही.

बाकी मग काठाचं काय करायचं, एवढाच प्रश्न. त्याला जगभरच्या हातांनी वेगवेगळी उत्तरं शोधली आहेत.

पहिलं उत्तर, लपवायचा. गोल चकतीचा काठ आत दुमडत दुमडत कडेकडेने धावदोरा घालायचा आणि शेवटी दोरा ओढायचा. चकती मिटते, चुण्या मधोमध गोळा होतात आणि मूळ चकतीच्या निम्म्याहून थोडं लहान, चपटं, गुबगुबीत फूल हातात येतं. सगळा कच्चा काठ पोटात गेलेला. इथे हाताला उलटं वाटणारी एक गंमत आहे. टाके बारीक घातले तर फूल सुबक होईल असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बारीक टाक्यांच्या चुण्या इतक्या दाटतात की मधलं भोक बंदच होत नाही. मोठे, सैलसर टाके घातले की भोक घट्ट मिटतं. शिवणाऱ्या बाईला टाके मोठे घाल म्हणून सांगणं म्हणजे तिच्या आजवरच्या शिस्तीवर पाणी ओतणं, पण सांगावं लागतं.

लपवण्याची कला सर्वांत पुढे नेली ती जपानी कारागिरांनी. एदो काळापासून, म्हणजे १६०३ ते १८६८ या अडीच शतकांपासून, तिथे ‘त्सुमामी’ नावाचं काम चालत आलं आहे. रेशमाचे लहान लहान चौकोन चिमट्याने दुमडायचे आणि तांदळाच्या खळीवर बसवत जायचे. क्योतोच्या माइको म्हणजे शिकाऊ गेइशा केसांत जी फुलं माळतात ती बहुतेक अशीच केलेली असतात. घड्या मुळात दोनच, एक गोल आणि एक टोकदार. टोकदार घडी सोपी: चौकोनाचा त्रिकोण, त्याचा आणखी लहान त्रिकोण, पुन्हा एकदा तसंच. सगळे कापलेले काठ एका बाजूला येतात, ती बाजू खळीत बसते आणि वर दिसतात त्या नुसत्या घड्या. काठ लपतोच, शिवाय ज्या खळीने पाकळी जागेवर बसते तीच खळ तो उसवू देत नाही. एका कामात दोन कामं. मी चौकोन अगदी लहान घेते, कारण मोठ्या घड्या कार्डावर उंच उभ्या राहतात आणि पाकीट बंद होत नाही. पाकिटाची कटकट पुढे येणारच आहे.

दुसरं उत्तर आगीचं. सॅटिन, ऑर्गन्झा, शिफॉन म्हणून आज जे मिळतं ते बहुतेक पॉलिस्टर असतं, आणि पॉलिस्टर वितळतं. साधारण २५० ते २६० अंश सेल्सिअसला धागे मऊ होऊन एकमेकांत मिसळतात आणि गार झाले की काठ कायमचा बंद. आज हातफुलांच्या कामात मेणबत्ती सर्रास दिसते, त्यामुळे ही जुनी परंपरा असावी असं वाटतं. पण पॉलिस्टरच्या या धाग्याचं पेटंट ब्रिटनच्या जॉन व्हिनफिल्ड आणि जेम्स डिक्सन यांनी घेतलं ते १९४१ मध्ये. रेशीम किंवा सूत ज्योतीवर धरलं तर ते वितळत नाही, जळतं. म्हणजे मेणबत्तीची ही युक्ती कृत्रिम धाग्यांच्या पाठोपाठ आलेली, वयाने तरुणच.

कापड कशाचं आहे याची खात्री नसेल तर एक धागा काढून चिमट्यात धरून जाळावा. सूत कागदासारखं जळून मऊ राख होते. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटात चुरडते. पॉलिस्टरचा कडक दाणा होतो, तो चुरडत नाही. दुकानदाराच्या शब्दापेक्षा मी या दाण्यावर जास्त विश्वास ठेवते.

पाकळी ज्योतीपाशी नेतानाचा तो एक क्षण मला अजूनही आवडतो. ज्योतीच्या टोकावर नाही, बाजूला न्यायची; टोकावर काजळी धरते आणि पांढऱ्या सॅटिनवरची काजळी कशानेही निघत नाही. बोटभर अंतरावर पाकळी आली तरी आधी काहीच होत नाही. मग काठावर एक बारीक ओलसर चमक उमटते, केसाएवढ्या रुंदीची. ती काठाकाठाने पुढे सरकते आणि तिच्यामागे कापड आत मुरडत जातं. चमक दिसली की पाकळी फिरवायची. आधी फिरवली तर काठ कच्चा राहतो, उशीर केला तर तपकिरी मणी लोंबतात. दोन पाकळ्या सारख्या मुरडत नाहीत आणि त्यामुळेच त्या पाकळ्या वाटतात. शेजारी पाण्याचं भांडं, उघडी खिडकी, बांधलेले केस, हे सांगायला नको, तरी सांगते. मुलांना हे काम देऊ नये. त्यांच्यासाठी फेल्ट आहे. ते विणलेलं नसून दाबून केलेलं असल्यामुळे त्याला उसवायला धागाच नसतो. फेल्टबद्दल माझ्याकडे याहून जास्त बोलायला काही नाही. फार शहाणं कापड.

तिसरं उत्तर खळीचं, आणि ते पॅरिसचं. एकोणिसाव्या शतकात तिथे कापडी फुलांचा मोठा धंदा उभा राहिला. कापडाला खळ किंवा जिलेटिन लावून चौकटीवर ताणून वाळवायचं, थरावर थर ठेवून लोखंडी साचा हातोड्याने ठोकायचा की एका घावात पाकळ्यांची चळत. मग मऊ उशीवर पाकळी ठेवून तापवलेलं गोल टोकाचं हत्यार दाबायचं, की तिला खोलगटपणा येतो. लमारिए या पॅरिसच्या पेढीत आजही हे काम हातानेच चालतं. १८८० मध्ये ती पिसांच्या कामासाठी सुरू झाली, १९६० च्या दशकात शनेल या फॅशन कंपनीसाठी कॅमेलियाची कापडी फुलं करू लागली आणि १९९६ मध्ये शनेलनेच तिला आपल्यात घेतलं. आपल्याकडे ना साचा ना हत्यार. पांढरा गोंद पाण्यात पातळ करून ब्रशने लावला आणि कापड दोरीवर वाळवलं तरी काठ पुरेसा धरून राहतो. गोल टोकाच्या जागी तापवलेल्या चमच्याची पाठ चालते.

पान कापताना मात्र माझा हात जरा रेंगाळतो. १८६१ च्या नोव्हेंबरात लंडनमध्ये मॅटिल्डा शॉयरर नावाची १९ वर्षांची मुलगी मेली. ती कृत्रिम फुलांच्या कारखान्यात होती आणि तिचं काम म्हणजे पानांवर हिरवी पूड चढवणं. ती पूड तांबं आणि आर्सेनिकची. शेवटी तिच्या डोळ्यांची बुबुळांभोवतीची पांढरी जागासुद्धा हिरवट झाली होती, अशी नोंद आहे. पुढच्याच वर्षी रसायनशास्त्रज्ञ ऑगस्ट हॉफमान यांनी अशाच पानांची तपासणी करून छापलं की नाचाला जाताना डोक्यात घालायच्या एका गजऱ्यावरच्या पानांत वीस माणसं दगावतील एवढं आर्सेनिक आहे. पण गजरा घालणारीच्या डोक्यावर ते एक रात्र असायचं. मॅटिल्डाच्या नखांत, जेवणात, श्वासात ते रोज होतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या चाळींत तेच काम घराघरांत पोचलं होतं. छायाचित्रकार लुइस हाइन यांनी काढलेल्या फोटोंत स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती आई, थोरली मुलगी आणि टेबलाच्या वर जेमतेम डोकं येईल अशी पोरं बसलेली दिसतात, समोर पाकळ्यांचा ढीग. मजुरी ग्रोसवर, म्हणजे १४४ फुलांच्या हिशोबाने. मेरी व्हॅन क्लीक यांनी या कामगारांची पाहणी केली आणि १९१३ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. मी सवडीने, खिडकीपाशी बसून, आवडत्या माणसासाठी एक फूल करते. तेच काम पोटासाठी केलं की काय होतं ते या फोटोंत आहे. कुणी ‘विकत का नाहीस, चांगली चालतील’ म्हणतं तेव्हा मी विषय बदलते. एका फुलाला लागणारा वेळ आणि त्याची मिळू शकणारी किंमत यांचा मेळ तेव्हाही बसला नव्हता.

आता कार्ड.

छापील शुभेच्छापत्राची गोष्ट सहसा १८४३ पासून सांगतात. लंडनच्या हेन्री कोल यांना नाताळात आलेल्या पत्रांना उत्तरं लिहायला सवड नव्हती, म्हणून त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं आणि त्याच्या सुमारे हजार प्रती छापल्या. म्हणजे या प्रथेचा उगम जिव्हाळ्यात कमी आणि वेळ वाचवण्यात जास्त आहे. मला ही माहिती फार आवडते. आपण ज्याला रात्री जागून चुण्या घालतो त्या वस्तूचा जन्म मुळात काम उरकण्यासाठी झाला!

हाताने सजवलेल्या कार्डाच्या बाजूने बोलायचं तर एस्थर हाउलंडचं नाव घ्यावं लागेल. अमेरिकेत वूस्टर गावात १८४० च्या दशकाच्या अखेरीस तिने कागदी लेस, रंगीत कागद आणि चित्रं एकावर एक चढवून व्हॅलेंटाइन कार्डं करायला सुरुवात केली. लेस उठून दिसावी म्हणून थरांच्या मध्ये कागदाचे छोटे तुकडे घालून ती वरचा थर उचलून घ्यायची. काम इतकं वाढलं की मुली ओळीने बसायच्या, प्रत्येकीकडे एकेक थर. कार्डावरची वस्तू पृष्ठभागापासून किंचित सुटी असली की तिची सावली पडते आणि ती सावलीच निम्मं काम करते, हे तिला बरोबर कळलं होतं.

सावली हवी तर उंची हवी, आणि उंचीला पाकीट आडवं येतं. ब्रिटनच्या टपालात साध्या पत्राची जाडी ५ मिलिमीटरपर्यंतच चालते. त्याहून जाड झालं की ते वरच्या दरात जातं. नियम कुठलाही असो, पाच मिलिमीटर हे माप कार्ड करणाऱ्याने डोक्यात ठेवावं. गुंडाळून केलेला गुलाब त्यात बसत नाही. पट्टी गोल गोल फिरवत केलेला तो गुलाब दिसतो छान, पण तो डबीत द्यायची वस्तू आहे. पाकिटात घातला की दुसऱ्या टोकाला चेंदामेंदा होऊनच निघतो. चुण्यांचं फूल मात्र चपटं झालं तरी हसतमुख. म्हणून मी प्रत्येक फूल कार्डावर जाण्याआधी रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवते. सकाळी जे पुन्हा थोडं तरी फुलून येतं तेच लावायचं.

मधोमध बटण लावायचा मोह बहुतेकांना होतो. बटणाने जाडी वाढते आणि पाकिटावर शिक्का बसतो तेव्हा त्याचा गोल वण कार्डाच्या मागच्या बाजूला उमटतो. त्यापेक्षा दोऱ्याच्या गाठी घ्याव्यात. सुईला दोऱ्याचे दोन वेढे देऊन सुई जिथून आली तिथेच जवळ खाली न्यायची की एक कण तयार होतो. असे पाच-सात कण जवळजवळ घातले की पराग. पिवळ्याच्या दोन छटा सुईत एकदम ओवल्या तर आणखी बरं.

चिकटवण्याबद्दल माझं मत ठाम आहे आणि ते सगळ्यांना पटत नाही. फूल कार्डाला शिवावं. पांढऱ्या गोंदातल्या पाण्याने कार्ड फुगतं आणि वाळताना वाकतं. गरम गोंदाची बंदूक झटपट काम करते, पण फुलाखाली एक टेंगूळ तयार होतं आणि चपटं होताना फूल त्या टेंगळावर डगमगतं. दुहेरी चिकटपट्टी चुण्यांच्या खालच्या उंचसखल भागाला नीट धरतच नाही. शिवायचं असेल तर कार्ड जाड घ्यावं, ३०० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) आसपास. आधी टाचणीने भोकं पाडून घ्यायची, थेट सुई खुपसली तर कागद फाटतो. दोन भोकांत किमान दोन-तीन मिलिमीटर अंतर, नाहीतर दोरा मधला कागद कापून काढतो. मागे टाके दिसतात, ते झाकायला आतून एक पातळ कागद चिकटवायचा, आणि मजकूर त्याच कागदावर. कागदालाही काठ असतोच. पण तो बिचारा काही मागत नाही.

फूल खऱ्यासारखं दिसावं का, यावर माझं आणि एका मैत्रिणीचं वर्षानुवर्षं पटलेलं नाही. तिच्या गुलाबाला काटे असतात. मेरी डिलेनी या इंग्रज बाईंनी १७७२ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, रंगीत कागद कातरून वनस्पतींची चित्रं करायला घेतली आणि दहा वर्षांत जवळपास हजार केली. ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही चोख मानली जातात. मैत्रीण त्यांचा दाखला देते. मी म्हणते, तो कागद होता, तो ऐकतो. कापडाला स्वतःचं म्हणणं असतं. चौकटीच्या कापडाची जास्वंद मला खऱ्या जास्वंदीहून बरी वाटते, कारण चौकटीच्या रेषा पाकळीच्या वळणाबरोबर वाकतात आणि उरेब कुठे ताणला गेला ते रेषारेषांत दिसतं. खऱ्यासारख्या गुलाबात हे सगळं झाकून टाकावं लागतं.

आणि साम्याशिवायही फूल आपलं काम करतं. पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी ब्रिटनमध्ये जी लाल पॉपी लावतात, तिच्यामागे १९१८ मध्ये अमेरिकेच्या मोइना मायकेल यांनी कोटावर लावलेलं रेशमी फूल आहे आणि फ्रान्सच्या अ‍ॅना गेराँ यांनी करवून घेतलेली कापडी फुलं आहेत. १९२१ मध्ये ब्रिटनला ती फ्रान्समधूनच आली. पुढच्या वर्षी लंडनमध्ये युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी पॉपीचा कारखाना निघाला. अपंग माणसालाही जोडता यावी अशी तिची रचना ठेवली होती, म्हणजे पाकळ्या, देठ, संपलं. शेतातल्या पॉपीशी शेजारी धरून बघितली तर साम्य यथातथाच. पण ती कुणी शेजारी धरत नाही.

चौथं उत्तर सांगायचं राहिलं: काठाला हवं ते करू द्यायचं. मुद्दाम सरळ धाग्यावर पट्टी कापायची, एका बाजूचे चार-पाच धागे ओढून काढायचे की झालर सुटते, आणि दुसऱ्या कडेने धावदोरा घालून ती गोळा करायची. शेवंतीच्या जवळ जाणारं मऊ, चपटं फूल होतं. पाकिटात घालताना काही काळजी नाही. एका मावशींना सांत्वनाचं कार्ड पाठवताना मी हेच लावलं होतं. नंतर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, उसवलेलं फूल का पाठवलंस ते मला कळलं गं. मी काही बोलले नाही. घरात त्या दिवशी पांढरं कापड तेवढंच होतं, आणि ते ज्योतीवर धरण्यातलं नव्हतं.

मखमलीशी मात्र माझं अजून जमलेलं नाही. पॅरिसच्या जुन्या कारागिरांचं ते लाडकं कापड. पॅन्सीच्या फुलाची पाकळी मखमलीइतकी कशातच खुलत नाही, हे मलाही मान्य आहे. पण कात्री लागली की धागा तर निघतोच, वरची लवही झडते आणि झडून गोंदात, कार्डावर, चहात, सगळीकडे जाते. मागून खळ लावून बघते, कधी पातळ कापड चिकटवून. लव थोडी कमी झडते, पण कापड जाड होतं आणि मग पाच मिलिमीटरचं रडगाणं सुरू. काठ आत दुमडावा तर मखमलीची दुमड फुगून बसते. भाचीने तिच्या मैत्रिणीच्या लग्नासाठी जांभळ्या मखमलीच्या पॅन्सीचं कार्ड मागितलंय. तिला सध्या सॅटिनचे नमुने दाखवून ठेवले आहेत. ती म्हणते, मावशी, मखमलच.